कॅल्शियमचं द्रावण आज स्वच्छ आहे, अकराव्या दिवशी बघू

शेल्फवरची बाटली मी सवयीने उलटी केली आणि तळाशी काहीतरी सरकलं. काचेचा बारीक चुरा असावा तसं. दहा दिवस ते द्रावण आरशासारखं स्वच्छ होतं, नोंदवहीत रोज माझ्याच अक्षरात "स्वच्छ, साका नाही" असं लिहिलेलं होतं. अकराव्या दिवशी साका बसला.

द्रावण साधं होतं: ०.०५ मोलर कॅल्शियम लॅक्टेट, आणि पीएच ५.८ च्या आसपास राहावा म्हणून ०.०१ मोलर सायट्रेटचं बफर. कॅल्शियम लॅक्टेट तर याच्या पाचसहा पट विरघळतं, मग बाहेर काय पडलं? तो चुरा गाळून, धुऊन, हवेत सुकवून मी दोन गोष्टी तपासल्या. १५० अंशांवर चार तास ठेवल्यावर वजन साडेबारा टक्क्यांनी घटलं. कॅल्शियम निघालं २१ टक्के. चार पाण्याचे रेणू असलेल्या कॅल्शियम सायट्रेटमध्ये पाणी १२.६ टक्के आणि कॅल्शियम २१.१ टक्के असतं. म्हणजे बाटलीत मी टाकलेलं मीठ, कॅल्शियम लॅक्टेट, बाहेर पडलंच नव्हतं. मी टाकलेल्या दोन गोष्टींनी आपसात जुळवून तिसरंच मीठ बनवलं होतं, आणि ते बनवायला दहा दिवस घेतले होते.

द्रव फॉर्म्युलेशनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, पण या विषयात मला जे काही समजलं ते त्या बाटलीपासून. नवीन मुलं आली की मी त्यांना पहिल्यांदा एवढंच सांगते की कॅल्शियमच्या द्रावणाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. एकूण कॅल्शियम किती आहे आणि त्यातलं मोकळं, म्हणजे कशालाही न बांधलेलं, किती? आणि जे दिसतंय तो समतोल आहे की नुसता उशीर? खाली जे लिहिते आहे ते या दोन प्रश्नांची उत्तरं टेबलावर कशी काढायची याबद्दल.

आधी आम्लांची ओळख करून घ्या, कारण सगळी कॅल्शियम मिठं एका माळेचे मणी नाहीत. पाण्यात २५ अंशांना कॅल्शियम लॅक्टेट, म्हणजे पाच पाण्याचे रेणू असलेलं, १०० मिलिलिटरमध्ये साधारण ९ ग्रॅम जातं. ग्लुकोनेट साडेतीन ग्रॅमच्या आसपास. सायट्रेट एका लिटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम. टार्टरेट त्याहूनही कमी. ऑक्झलेट तर लिटरला ६ ते ७ मिलिग्रॅमवर थांबतं. दुसऱ्या टोकाला अॅसिटेट: १०० मिलिलिटरमध्ये तीस ग्रॅमहून जास्त.

तापमानाला मात्र ही मंडळी एकसारखी वागत नाहीत, आणि नवशिक्याचा हात इथेच पोळतो. "विरघळत नाही? गरम कर" हा आपल्या हाडात भिनलेला सल्ला. लॅक्टेट आणि ग्लुकोनेटला तो लागू पडतो. ग्लुकोनेट उकळत्या पाण्यात थंड पाण्याच्या कितीतरी पट जातं. अॅसिटेटला उलटं: शून्य अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ३७ ग्रॅम, १०० अंशांना तीसच्या खाली. फॉर्मेट जवळजवळ सपाट, शून्याला १६ आणि शंभराला १८. सायट्रेटही गरम केल्यावर कमी विरघळतं. ज्यांनी पदवीच्या प्रयोगशाळेत आम्लमूलक ओळखण्याचे तक्ते घोकलेत त्यांना आठवत असेल: उदासीन सायट्रेटमध्ये कॅल्शियम क्लोराइड घातलं तर थंडीत काही होत नाही, उकळलं की पांढरा अवक्षेप येतो. टार्टरेट थंडीतच स्फटिक देतं, नळीची आतली बाजू काचेच्या कांडीने खरवडली की लवकर. ऑक्झलेट लगेच पांढरं होतं आणि अॅसेटिक आम्लात विरघळत नाही, टार्टरेट विरघळतं. आम्ही हे सगळं मार्कांसाठी पाठ केलं. या तीन ओळींत विद्राव्यता, संकुलं (कॅल्शियम आणि त्याला धरून ठेवणारा आयन यांच्या जोड्या) आणि उशीर असे तिन्ही धडे दडलेत हे मला फार नंतर कळलं.

१७८४ मध्ये कार्ल विल्हेम शेले याने लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल वेगळं केलं ते याच मिठाच्या जोरावर. रसात चुना घालून कॅल्शियम सायट्रेट खाली बसवायचं, मग गंधकाम्लाने त्यातलं आम्ल सोडवायचं. पुढे मोठ्या प्रमाणावर हे काम करताना द्रावण गरम ठेवत, कारण गरम असताना सायट्रेट जास्त पडतं. आमच्या दृष्टीने जो वैताग, तो त्यांच्या दृष्टीने उत्पादन.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे बरणीत नेमकं काय आहे ते पाहणं. कॅल्शियम लॅक्टेटच्या पंचजलीय रूपात पाणी २९ टक्के असतं आणि कॅल्शियम १३ टक्के. कोरड्या हवेत झाकण सैल राहिलं तर हे पाणी हळूहळू उडतं. मग तुम्ही तेवढंच वजन घेता आणि कॅल्शियम जास्त जातं. आमच्याकडे एकदा तीन महिने सगळ्यांचे निकाल दोनतीन टक्के वर येत होते आणि आम्ही ब्युरेटला दोष देत बसलो होतो. म्हणून वजन करण्याच्या दिवशीच थोडा नमुना सुकवून घट पाहा. ग्लुकोनेटच्या एकजलीय रूपात पाणी फक्त ४ टक्के आणि कॅल्शियम ८.९ टक्के, तिथे हा धोका लहान.

मीठ स्वतः बनवायचं असेल तर आम्ल आधी, कॅल्शियम नंतर. एक दशांश मोल लॅक्टेटसाठी १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि १८ ग्रॅम शुद्ध लॅक्टिक आम्ल, म्हणजे ८८ टक्क्यांचं असेल तर साडेवीस ग्रॅम. कार्बोनेट चिमटीचिमटीने टाका. फेस भांड्याबाहेर जाऊ द्यायचा नसेल तर भांडं चौपट मोठं घ्या. आणि एक गोष्ट बाटलीवरच्या टक्केवारीत दिसत नाही: दाट लॅक्टिक आम्लात रेणू एकमेकांना जोडले जाऊन एस्टर झालेले असतात. साधं थंड अनुमापन (थेंबाथेंबाने अल्कली घालून आम्ल मोजणं) केलं तर हा भाग लपून राहतो आणि आम्ल कमी भासतं. म्हणून आधी भरपूर पाणी घालून उकळा, एस्टर फुटू द्या, मग वापरा. आम्ल किती हे मोजायचं तर जास्तीच्या सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर उकळून उरलेला अल्कली परत मोजा. सायट्रिक आम्लात ही भानगड नाही, पण तिथे कार्बोनेट टाकताना द्रावण थंड ठेवा, नाहीतर भांड्यातच खडीसाखरेसारखं थिजतं.

विद्राव्यता मोजताना लोक ढवळतात, गाळतात, मोजतात आणि आकडा लिहून मोकळे होतात. तो आकडा विद्राव्यतेचा नसतो, तुमच्या धीराचा असतो. माझी पद्धत अशी. झाकणाच्या शंकूपात्रात पाणी, त्यात विरघळेल त्याच्या दीडपट मीठ, २५ अंशांच्या पाण्याच्या टाकीत सतत ढवळणं. नमुने ४ तासांनी, २४ तासांनी, ४८ तासांनी. लागोपाठचे दोन निकाल एका टक्क्यात जुळले तर बरं, नाहीतर आणखी एक दिवस. नमुना काढताना सिरिंज, गाळणी आणि पिपेट तिन्ही त्याच तापमानाची असू द्या. लॅक्टेटचं संपृक्त (आणखी मीठ न मावणारं) द्रावण गार पिपेटमध्ये ओढलं की टोकाशीच स्फटिक धरतात आणि तुमचा आकडा कमी येतो. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पहिले दोन मिलिलिटर फेकून द्या, पुढचे घ्या, आणि लगेच पाण्यात सौम्य करा. लगेच म्हणजे लगेच, फोन घेऊन आल्यावर नाही.

हे झालं खालून वर जाणं. आता वरून खाली या. दुसऱ्या पात्रात जास्त मीठ जाईल अशा तापमानाला द्रावण बनवा, मग २५ अंशांवर आणा आणि त्यात थोडे स्फटिक टाकून तेवढाच वेळ ढवळा. लॅक्टेटसाठी गरम करून गार करायचं. सायट्रेटसाठी गार करून गरम. दोन्ही बाजूंनी येणारे आकडे जिथे भेटतात ती विद्राव्यता. भेटत नसतील तर तळाशी राहिलेलं घन तपासा, कदाचित ढवळता ढवळता त्याचं जलीय रूप बदललं असेल आणि तुम्ही आता वेगळ्याच मिठाची विद्राव्यता मोजत असाल.

एकूण कॅल्शियम मोजायला ईडीटीएचं (कॅल्शियमला घट्ट पकडणाऱ्या एका संयुगाचं) अनुमापन अजूनही मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० च्या दशकात झुरिकमध्ये ते उभं केलं आणि तेव्हापासून त्यात फारसं सुधारायला काही उरलेलं नाही. लिटरला ३.७२२ ग्रॅम द्विजलीय डायसोडियम मीठ म्हणजे ०.०१ मोलर, आणि याचा एक मिलिलिटर ०.४००८ मिलिग्रॅम कॅल्शियमला पुरतो. हा आकडा पाठच करा.

संपृक्त लॅक्टेटचे ५ मिलिलिटर २५० पर्यंत सौम्य करून त्यातले २५ घेतले तर ब्युरेट १४.६ च्या आसपास थांबायला हवी. हिशेब असा: १४.६ गुणिले ०.४००८ म्हणजे ५.८५ मिलिग्रॅम, २५० मिलिलिटरमध्ये ५८.५, ते मूळच्या ५ मिलिलिटरमधून आलं, म्हणून लिटरला ११.७ ग्रॅम कॅल्शियम, भागिले ०.१३ म्हणजे ९० ग्रॅम मीठ. सायट्रेटचं संपृक्त द्रावण मात्र सौम्य करायची गरज नाही, सरळ २५ मिलिलिटर घ्या.

सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर न्या, पॅटन–रीडर सूचक चिमूटभर, लालपासून निळ्यापर्यंत. माझी एक सवय आहे: अंदाजाने लागणाऱ्या ईडीटीएपैकी बहुतेक आधी ओतते, मग अल्कली, मग सूचक, मग शेवटचे थेंब. अल्कली आधी घातला आणि गप्पा मारत बसलात तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, कॅल्शियम कार्बोनेट धरतं आणि रंग निळा होऊन पुन्हा लाल होत राहतो. शेवटचे थेंब सावकाश, दोन थेंबांमध्ये पाच सेकंद.

पण ईडीटीएला तुमच्या लॅक्टेट–सायट्रेटचं काही पडलेलं नसतं. त्याच्या कॅल्शियम संकुलाच्या स्थिरांकाचं लॉग मूल्य १०.७ आहे (एकाने वाढलं की पकड दहापट घट्ट). सायट्रेटचं, ०.१ च्या आयनिक तीव्रतेला (म्हणजे द्रावणातल्या सगळ्या आयनांच्या एकूण गर्दीला), ३.५ च्या आसपास. लॅक्टेट आणि ग्लुकोनेटचं एकच्या जरा वर. ईडीटीए सगळ्यांच्या हातून कॅल्शियम हिसकावून घेतं आणि तुम्हाला एकूण आकडा देतं. मोकळं किती होतं ते त्याला विचारूच नका.

त्यासाठी कॅल्शियमचा आयन-निवडक इलेक्ट्रोड. तो फक्त मोकळ्या कॅल्शियम आयनाला ओळखतो, तेही खरं तर त्याच्या सक्रियतेला, म्हणजे गर्दीत प्रत्यक्ष प्रभावी ठरणाऱ्या प्रमाणाला. दहापट फरकाला २५ अंशांवर २९.६ मिलिव्होल्ट बदल दिसायला हवा. २६ पर्यंत घसरला तर पडदा म्हातारा झाला असं समजा. दोन प्रभार असलेल्या आयनाचं दुखणं असं की एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे आठ टक्क्यांची चूक. म्हणून मापनाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा प्रमाण द्रावणं तपासायची आणि ढवळण्याचा वेग एकच ठेवायचा. प्रमाण द्रावणं कॅल्शियम क्लोराइडची करा, पण पोटॅशियम क्लोराइड घालून त्यांची आयनिक तीव्रता नमुन्याइतकी आणा. उलटं करू नका, म्हणजे नमुन्यातच मूठभर मीठ ओतू नका, कारण आयनिक तीव्रता बदलली की संकुलाचा स्थिरांकही बदलतो. सायट्रेटचं लॉग मूल्य अतिसौम्य द्रावणात ४.७ च्या पुढे असतं आणि ०.१ ला साडेतीनवर येतं. पुस्तकातला स्थिरांक उचलताना तो कोणत्या आयनिक तीव्रतेला आहे हे न पाहणं म्हणजे पत्ता न वाचता पत्र टाकणं.

इलेक्ट्रोड नसेल तर निदान कागदावर हिशेब करा. ०.१ मोलर कॅल्शियम लॅक्टेट घ्या: कॅल्शियम ०.१, लॅक्टेट ०.२. स्थिरांक १० धरा आणि एकास एक संकुलच बनतं असं समजा. संकुल क्ष असेल तर क्ष = १० × (०.१ − क्ष) × (०.२ − क्ष). सोडवलं की क्ष येतो ०.०५९. म्हणजे जवळजवळ साठ टक्के कॅल्शियम बांधलेलं आणि फक्त ०.०४१ मोलर मोकळं. लॅक्टेटला सगळे दुबळं संकुल म्हणतात, पण गर्दी केली की दुबळेही जड जातात.

आता सायट्रेट: दोन्ही ०.०१ मोलर, पीएच सातच्या वर, स्थिरांक ३१६०. मोकळं कॅल्शियम निघतं ०.००१६, बाकी ८४ टक्के बांधलेलं. रक्त साठवायला सायट्रेट वापरतात ते याच कारणाने. १९१४ मध्ये बेल्जियमच्या आल्बेर उस्टाँ यांनी सायट्रेट घातलेलं रक्त पहिल्यांदा रुग्णाला दिलं. तिथे कॅल्शियम बाहेर काढलेलं नसतं, रक्तातच असतं, पण गोठण्याच्या साखळीला हाती लागत नाही. एकूण आणि मोकळं यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

एकच आयन विरघळण्याला मदतही करतो आणि साकाही बसवतो, हे मुलांना पटायला वेळ लागतो. सायट्रेट जास्त घातलं तर ते कॅल्शियमला एकास एक संकुलात धरून ठेवतं, हे संकुल विरघळतं. पण तीन कॅल्शियमला दोन सायट्रेट असं जे मीठ, ते विरघळत नाही. द्रावणात कॅल्शियमच्या मानाने सायट्रेट कमी असेल तर धोका. भरपूर असेल तर बचाव. माझ्या बाटलीत पाचास एक होतं. म्हणजे बरोबर चुकीच्या बाजूला.

हे संकुल कशामुळे बनतं ते दोन वाक्यांत सांगून पुढे जाते. लॅक्टिक, ग्लुकोनिक, सायट्रिक, मॅलिक, टार्टरिक या सगळ्यांत कार्बोक्झिलच्या शेजारच्याच कार्बनवर हायड्रॉक्सिल असतो, आणि दोघे मिळून कॅल्शियमला पाच अणूंच्या कड्यात धरतात. अॅसिटेटला तो दुसरा हात नाही. तरीही अॅसिटेट भरपूर विरघळतं, कारण विद्राव्यता ठरवताना स्फटिक किती घट्ट बांधलेला आहे हेही तितकंच महत्त्वाचं असतं. संकुल चांगलं म्हणून विद्राव्यता चांगली, असा सरळ नियम करू नका. ऑक्झलेटचं संकुलही काही कमकुवत नाही, लॉग मूल्य तीनच्या आसपास. पण विद्राव्यता गुणाकार (संपृक्त द्रावणातल्या मोकळ्या आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार) १० चा उणे नववा घात. संपृक्त ऑक्झलेट द्रावणात विरघळलेल्या उदासीन संकुलाचं प्रमाण ठरलेलं असतं, स्थिरांक गुणिले विद्राव्यता गुणाकार. साधारण तीनचार मायक्रोमोलर. ऑक्झलेट कितीही वाढवा, तेवढं कॅल्शियम द्रावणात राहणारच. गाळलेल्या पाण्यात कॅल्शियमचा शेवटचा माग का जात नाही याचं एक कारण हे.

मिश्रणांकडे येते, कारण खरा फायदा आणि खरा घोटाळा दोन्ही इथेच आहेत. लॅक्टेट आणि ग्लुकोनेट एकत्र केले तर प्रत्येकी एकट्याच्या कितीतरी पट कॅल्शियम विरघळतं. कारण साधं आहे. दोन्ही मिठांत एका कॅल्शियमला दोन ऋणायन (लॅक्टेट किंवा ग्लुकोनेट), त्यामुळे विद्राव्यता गुणाकारात ऋणायनाचा वर्ग येतो. लॅक्टेट निम्मं केलं की त्याचा वर्ग पाव होतो, आणि तेवढी कॅल्शियमला जागा मिळते. शिवाय दोन्हीही थोडं थोडं कॅल्शियम संकुलात धरतात. बाजारात कॅल्शियम लॅक्टेट ग्लुकोनेट म्हणून जे मिळतं ते या तत्त्वावर.

पण घन कॅल्शियम लॅक्टेट सोडियम ग्लुकोनेटच्या द्रावणात टाकून पाहा. ते पटापट विरघळतं आणि ग्लुकोनेटच्या मर्यादेच्या पलीकडे निघून जातं. गरम करावं लागत नाही, काही नाही. आपण होऊन अतिसंपृक्त होतं, म्हणजे मावतं त्याहून जास्त मीठ धरून बसतं. कोपनहेगन विद्यापीठातल्या लाइफ स्किब्स्टेड यांच्या गटाने हायड्रॉक्सी आम्लांच्या कॅल्शियम मिठांचं हे वागणं गेल्या दशकात बारकाईने तपासलं. साका बसण्याआधी काही काळ काहीच दिसत नाही, आणि हा काळ परिस्थितीनुसार बराच लांबतो. ते वाचताना मला माझी बाटली आठवली. दहा दिवस मी "स्वच्छ" लिहीत होते तो हाच काळ.

हा उशीर कामालाही येतो. शिरेतून द्यायचं १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट इंजेक्शन मुळातच अतिसंपृक्त असतं, विद्राव्यतेच्या जवळजवळ तिप्पट. त्यात थोडं कॅल्शियम सॅकरेट घालून ते टिकवतात. स्फटिक दिसले तर वापरू नये अशी सूचना त्यावर असते ती उगाच नाही.

तर तुमचं द्रावण समतोलात आहे की उशिरात, हे कसं ओळखायचं? बी टाकून. माझ्या अनुभवात याहून स्वस्त आणि खरी चाचणी नाही. १०० मिलिलिटर द्रावणात बारीक वाटलेले १० मिलिग्रॅम स्फटिक टाका, २४ तास ढवळा, गाळा, ईडीटीएने एकूण कॅल्शियम मोजा. बियाण्याच्या आधीच्या आकड्यापेक्षा कॅल्शियम घटलं तर द्रावण अतिसंपृक्त होतं, आज ना उद्या साका बसणारच. बी विरघळून गेलं तर तुम्ही सुरक्षित बाजूला. आकडा जागचा हलला नाही तर काठावर आहात.

इथे एक मेख आहे. बी कोणाचं टाकायचं? मी त्या बाटलीचं निरीक्षण करताना मनात फक्त लॅक्टेट धरलं होतं. द्रावणात जितके ऋणायन तितक्या प्रकारचं बी टाकायचं, प्रत्येकाची वेगळी चाचणी. बफर म्हणून घातलेलं सायट्रेट, चवीसाठी घातलेलं मॅलिक किंवा टार्टरिक आम्ल, सगळे मोजायचे. यादी बनवा आणि सगळ्यात कमी विरघळणाऱ्या मिठापासून सुरुवात करा. चुकीच्या जातीच्या बियाण्याने द्रावण हलत नाही आणि तुम्हाला खोटा धीर मिळतो.

बी न टाकलेले नमुनेही ठेवा: ४ अंश, २५ अंश, ४० अंश. लॅक्टेट आणि ग्लुकोनेट फ्रीजमध्ये उघडे पडतात. सायट्रेट ४० अंशांना. फ्रीजमध्ये महिनाभर टिकलं म्हणून सायट्रेटच्या द्रावणाला पास करणारे मी पाहिलेत. त्यांनी त्याला सगळ्यात आरामाच्या जागी ठेवलेलं असतं.

पीएचबद्दल थोडक्यात. सायट्रिक आम्लाची पीकेए मूल्यं (ज्या पीएचला एकेक हायड्रोजन निम्मा सुटलेला असतो ती) ३.१, ४.८ आणि ६.४. पीएच तीनला जवळजवळ सगळं सायट्रेट हायड्रोजन धरून बसलेलं असतं, त्यामुळे ना साका ना चांगलं संकुल. कॅल्शियम बरंचसं मोकळं. पीएच सातकडे नेलं की तिन्ही हात मोकळे होतात, संकुल वाढतं आणि साक्याचा धोकाही वाढतो. म्हणून आम्लधर्मी स्वच्छ द्रावणात शेवटी अल्कली घालून पीएच "जुळवणं" हा सगळ्यात जोखमीचा टप्पा. थेंबाथेंबाने घाला, आणि बी टाकायची चाचणी जुळवल्यानंतरच करा, आधी नव्हे. लॅक्टिकची पीकेए ३.९, त्यामुळे पीएच पाचच्या वर तिथे फारसं काही बदलत नाही.

माझ्या बाटलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सायट्रेट वाढवून बचावाच्या बाजूला जाता आलं असतं, पण मग मोकळं कॅल्शियम घसरलं असतं आणि ते आम्हाला नको होतं. म्हणून सायट्रेट पूर्ण काढलं आणि पीएच लॅक्टिक आम्लानेच सांभाळला. पीएच ५.८ ला लॅक्टेटचं बफर कमजोर असतं, पीकेएपासून दोन एकक लांब. म्हणून लक्ष्य ४.८ वर आणलं. चारही तापमानांना आणि दोन्ही बियाण्यांना ते टिकलं. चौथं तापमान कुठलं? खिडकीतल्या उन्हाचं, जे प्रोटोकॉलमध्ये नसतं पण बाटलीच्या नशिबात असतं.

आणि भांडी. सायट्रेट किंवा ऑक्झलेटचा साका बसलेलं काचेचं भांडं साबणाने घासून स्वच्छ दिसतं, पण काचेच्या ओरखड्यांत स्फटिक राहतात आणि पुढच्या द्रावणाला न मागता बी मिळतं. मी ती भांडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर भिजवते, मग तीनदा शुद्ध पाण्याने धुते. अतिसंपृक्त द्रावणांसाठी चार बीकर वेगळे ठेवलेत, त्यांवर पेन्सिलने खूण आहे, आणि त्यांत काचेची कांडी घालायला सगळ्यांना मनाई आहे.